जॅकार्डचं कार्ड आणि पायथनची स्क्रिप्ट: कंपायलर कुठे अडतो आणि त्याला वाट कशी काढून द्यायची

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या मावसभावाचा चादरींचा कारखाना आहे. नक्षीचं चित्र घेऊन त्यातला प्रत्येक ठिपका कोणत्या रंगाच्या सुताने विणायचा, हे ठरवणारा एक छोटा प्रोग्राम मी त्याला पायथनमध्ये लिहून दिला होता. काम बरोबर करायचा. पण शेजारी बसलेलं गिऱ्हाईक "हा लाल जरा गडद घ्या" म्हणालं की भाऊ रंग बदलायचा आणि दोघंही दहा-पंधरा सेकंद पडद्याकडे बघत बसायचे. परत बदल, परत बसा. शेवटी एकदा त्याने विचारलंच, "दादा, मोबाइलवर एवढाले गेम पळतात, मग हे एवढंसं चित्र का अडतंय?"

प्रश्न रास्त होता. याच प्रश्नाच्या आसपासच्या बातम्या हल्ली सारख्या येताहेत. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या पायथन 3.13 मध्ये प्रयोग म्हणून ‘जेआयटी’ नावाची, प्रोग्राम चालता चालता त्याचं यंत्राच्या बोलीत भाषांतर करणारी सोय आली. मार्च 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की टाइपस्क्रिप्ट या भाषेचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम तपासून त्याचं भाषांतर करणारा प्रोग्राम, ते गो भाषेत नेत आहेत. व्हीएस कोड या संपादकाचा सुमारे 15 लाख ओळींचा कोड तपासायला जुन्या कंपायलरला 77.8 सेकंद लागायचे, नव्याला 7.5. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं अशा बातम्या वाचून विचारतात: भाषांतर केल्याने एवढा फरक पडतो, तर सगळ्याच स्क्रिप्टचं का नाही करून टाकत?

करता येत नाही म्हणून. का येत नाही आणि तरीही वाट कशी निघते, ते आपल्या गावच्या धंद्यातूनच सांगतो.

## नक्षी सांगणारा पोऱ्या आणि पुठ्ठ्याची कार्डं

जॅकार्ड येण्याआधी नक्षीच्या मागावर विणकराच्या जोडीला एक पोऱ्या लागायचा. बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, प्रत्येक फेरा टाकण्याआधी ताण्याचे, म्हणजे उभे, कोणते धागे वर उचलायचे हे त्याला कळावं लागे, मग तो दोऱ्या ओढे, मग धोटा फिरे. पुढच्या फेऱ्याला तेच सगळं पुन्हा. हजारावा फेरा पहिल्यासारखाच असला तरी ओढाओढ पहिल्याइतकीच.

1804 मध्ये फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्ड यांनी हे काम पुठ्ठ्याच्या कार्डांवर सोपवलं. कार्डाला भोक असेल तिथली सुई आत जाते आणि तिचा हुक धागा उचलतो. भोक नसेल तिथली सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. एका फेऱ्याला एक कार्ड. नक्षी एकदा पंच केली की मागाला विचार करायचा उरतच नाही.

संगणकातही हेच दोन मार्ग आहेत. इंटरप्रिटर म्हणजे तो पोऱ्या: प्रोग्राम चालू असताना सूचना एकेक करून वाचतो आणि अमलात आणतो. कंपायलर म्हणजे पंचिंग करणारा: अख्खा प्रोग्राम आधीच प्रोसेसरच्या बोलीत, म्हणजे मशीन कोडमध्ये, उतरवून ठेवतो. पायथन, पीएचपी, जावास्क्रिप्ट या पहिल्या घरातल्या भाषा. त्यांत लिहिलेल्या प्रोग्रामला इथे मी स्क्रिप्ट म्हणतोय. सी, गो, रस्ट दुसऱ्या घरातल्या.

थोडं नेमकं सांगायचं तर पायथनसुद्धा तुमची स्क्रिप्ट जशीच्या तशी वाचत बसत नाही. आधी तिचं एक आटोपशीर टिपण करतो, त्याला बाइटकोड म्हणतात. पण ते टिपण प्रोसेसरला समजत नाही. ते वाचून काम करायला इंटरप्रिटर लागतोच.

आता भावाच्या चित्राचा हिशेब करू. नक्षी 480 खणांची, म्हणजे ठिपक्यांची, रुंद आणि 2,000 फेऱ्यांची लांब. एकूण खण 9,60,000. प्रत्येक खणासाठी सहा सुतांतलं सर्वांत जवळचं शोधायचं, म्हणजे 57,60,000 तुलना. एका तुलनेत लाल, हिरवा, निळा अशा तीन वजाबाक्या, तीन गुणाकार आणि दोन बेरजा. गोळाबेरीज साडेचार कोटींच्या वर जाते. साडेचार कोटी साध्या क्रिया आजच्या प्रोसेसरला सेकंदाचा छोटासा भाग पुरतात. मग पंधरा सेकंद जात होते कुठे?

## एका बेरजेमागची धावपळ

सी भाषेत दोन आकड्यांची बेरीज ही बहुतेक वेळा प्रोसेसरची एकच सूचना असते. पायथनमध्ये ‘अ अधिक ब’ ही ओळ आली की इंटरप्रिटर आधी बघतो, अ काय आहे? संख्या, मजकूर की यादी? त्या प्रकाराची बेरीज कशी करतात? ब तिच्यात बसतो का? मग उत्तर ठेवायला नवा डबा काढायचा, त्यावर प्रकाराची चिठ्ठी लावायची, आणि हा डबा कितीजण वापरताहेत याची नोंद ठेवायची. नेहमीच्या 64 बिटांच्या पायथनमध्ये नुसता 1 हा आकडा ठेवायला 28 बाइट लागतात. सी मध्ये तोच साधारणपणे 4 बाइटांच्या खणात मावतो.

ही उधळपट्टी वाटेल, पण त्या चिठ्ठीवरच भाषेची सारी मोकळीक उभी आहे. 12 आणि 7 संख्या असतील तर बेरीज 19. तेच फाइलमधून मजकूर म्हणून वाचलेले असतील तर उत्तर 127, कारण मजकुराची ‘बेरीज’ म्हणजे जोडणी. ओळ तीच, काम वेगळं, आणि कोणतं ते ऐनवेळी ठरतं.

आमच्या पूर्व भागातल्या कापडदुकानात शिरलेलं गिऱ्हाईक तोंड उघडेपर्यंत तेलुगू बोलायचं, कन्नड की मराठी, हे गल्ल्यावरच्या माणसाला कळत नाही. तिन्ही भाषा येणारा माणूस असेल तर अडत नाही, तो ऐकतो आणि त्या भाषेत बोलतो. इंटरप्रिटर तसा आहे. कंपायलरला मात्र गिऱ्हाईक यायच्या आधीच पाटी रंगवायची असते. कोणत्या भाषेत रंगवू, असं तो विचारतो, आणि स्क्रिप्टमध्ये त्याचं उत्तर लिहिलेलंच नसतं.

मग त्याने कोड नीट वाचून अंदाज का काढू नये? बऱ्याच जागी काढतो. पण सगळीकडे निघणार नाही, हे गणितानेच सिद्ध आहे. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी 1936 मध्ये दाखवलं की कोणताही प्रोग्राम थांबेल की अखंड चालत राहील, हे हमखास सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही. प्रोग्रामच्या वागणुकीबद्दलचे असे असंख्य प्रश्न त्याच भिंतीला जाऊन धडकतात. त्यामुळे उद्या कितीही हुशार कंपायलर आला तरी काही ओळींपुढे तो थांबणारच.

## फेसबुकने केलेला मोठा प्रयोग

या अडचणीला मोठ्या प्रमाणावर तोंड दिलं फेसबुकने. त्यांची साइट पीएचपीत लिहिलेली होती आणि सर्व्हर कमी पडू लागले होते. 2010 मध्ये त्यांनी ‘हिपहॉप’ हे साधन जाहीर केलं. ते पीएचपीचं सी++ मध्ये रूपांतर करायचं आणि मग नेहमीच्या कंपायलरने मशीन कोड बनायचा. वेग खरोखर वाढला.

पण पीएचपीत ‘इव्हॅल’ नावाची सोय आहे. प्रोग्राम चालू असताना एखादा मजकूर हाती आला, तर तोच प्रोग्राम समजून चालवायचा. जे अजून लिहिलेलंच नाही त्याचं आधी भाषांतर कसं करणार? हिपहॉपने इव्हॅल आणि तशाच आणखी काही सोयी सोडून दिल्या. तयार होणारी फाइल एक जीबीहून मोठी असायची, आणि रोजच्या कामासाठी वेगळा इंटरप्रिटर सांभाळावा लागायचा. 2013 मध्ये फेसबुकने हा मार्ग सोडला आणि कोड चालत असताना भाषांतर करणारी एचएचव्हीएम ही यंत्रणा आणली.

मला यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. अख्खी भाषा आधीच उतरवून काढण्याचा हट्ट त्या कंपनीलाही झेपला नाही. मग लहान कारखान्याच्या प्रोग्रामसाठी तो हट्ट आपण कशाला धरायचा?

## हुक कमी पडले की नक्षीकार काय करतो

समजा जॅकार्ड 240 हुकांचं आहे आणि गिऱ्हाइकाला पसरट मोर हवा आहे. नक्षीकार जॅकार्डला नावं ठेवत नाही. मोराचा अर्धा भाग काढून दुसरा अर्धा आरशासारखा उलटवता येतो का ते बघतो. किनार वेगळी काढतो. मधली जमीन साधी ठेवतो. म्हणजे यंत्राची मर्यादा ओळखून ती जिथे नडते तेवढीच नक्षी बदलतो.

भावाच्या प्रोग्रामवर मी तेच केलं. वापरलेलं साधन सायथन. पायथनसारखाच दिसणारा कोड त्याला द्यायचा, मध्ये मध्ये प्रकार सांगायचे, आणि तो सी भाषेतला कोड काढून देतो.

सुरुवात मोजण्यापासून केली. वेळ कुठे जातो हे मोजणारी साधनं पायथनबरोबरच येतात. मला वाटत होतं चित्र उघडायलाच वेळ लागतो. मोजलं तर जवळजवळ सगळा वेळ ‘जवळचा रंग शोधा’ या चाळीसेक ओळींत जात होता. म्हणजे उरलेल्या प्रोग्रामला, बटणांना, फाइल वाचण्याला, छपाईला हात लावायची गरजच नव्हती. इतकी वर्षं हे काम करूनही माझा अंदाज साफ चुकला, म्हणून मुलांना सांगतो की मोजल्याशिवाय एक ओळही बदलू नका.

मग त्या चाळीस ओळी तशाच सायथनला दिल्या. फरक जेमतेम. का? सायथन एक अहवाल काढून देतो. जी ओळ चालवायला त्याला पुन्हा पायथनकडे धाव घ्यावी लागते ती अहवालात पिवळी दिसते. जितकी धाव जास्त तितका पिवळा गडद. माझं पान हळदीने माखल्यासारखं होतं.

कारण माझी सुतांची यादी. प्रत्येक सुताची नोंद म्हणजे नाव, शिल्लक माल, भाव आणि रंग असं सगळं एका गाठोड्यात. माणसाला वाचायला फार सोयीचं. पण कंपायलरला या गाठोड्यात काय निघेल ते माहीत नाही, म्हणून प्रत्येक वेळी ते पायथनकडून सोडवून घ्यावं लागत होतं, तेही लाखो वेळा. तेव्हा रंग शोधायला जेवढं लागतं तेवढंच बाहेर काढलं: सहा ओळी, तीन रकाने, नुसते आकडे. नावं आणि भाव स्क्रिप्टकडेच राहिले. ‘हे सगळे पूर्णांक आहेत, यादीची लांबी बदलणार नाही’ एवढं कंपायलरला लिहून दिलं आणि पिवळा रंग बराच उतरला.

तरीही हवा तेवढा वेग येईना. यावेळी चूक दाराची होती. मशीन कोडमध्ये उतरलेल्या फंक्शनला, म्हणजे त्या चाळीस ओळींच्या गटाला, स्क्रिप्ट एकेका खणासाठी हाक मारत होती, म्हणजे 9,60,000 वेळा उंबरा ओलांडणं आलं. सूत आणायला बाजारात जायचं तर कोणी एकेक कांडी आणत नाही, गाठच उचलून आणतो. मी अख्खं चित्र एकदम आत पाठवलं आणि अख्खं उत्तर एकदम बाहेर घेतलं. खण एकेक करून तपासणाऱ्या फेरीच्या आत ‘इतके टक्के झालं’ असं छापणारी एक ओळ होती, तीही काढली, कारण तेवढ्यासाठीसुद्धा पायथनला बोलवावं लागायचं.

आता भाऊ रंग निवडतो आणि माउसवरून बोट उचलेपर्यंत नवी चादर पडद्यावर असते.

‘नंबा’ हे दुसरं साधन आकडेमोडीच्या कोडसाठी सोपं आहे. फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ लिहायची आणि ते पहिल्यांदा चालताना भाषांतर होतं. त्याच्या जुन्या आवृत्त्या भाषांतर जमलं नाही तर गुपचूप संथ मार्गाने जायच्या आणि आपण मात्र काम झालं असं समजायचो. 2024 च्या सुरुवातीला आलेल्या 0.59 आवृत्तीपासून जमत नसेल तर तो सरळ चूक दाखवून थांबतो. मला हे फार योग्य वाटतं. जे जमत नाही ते सांगणारं साधन बरं.

## दिलेलं वचन चुकलं तर?

या सगळ्या रीतीत आपण कंपायलरला वचन देत असतो: हा आकडा एवढ्यातच राहील, ही यादी वाढणार नाही. कंपायलर त्यावर भरवसा ठेवून तपासणी काढून टाकतो, आणि वेग तिथूनच येतो. वचन खोटं निघालं तर बरेचदा चूकही दिसत नाही, फक्त उत्तर चुकीचं येतं.

हे मी स्वतः करून बसलो. रंगाचा आकडा 0 ते 255 मध्येच असतो, म्हणून त्याला एक बाइट पुरेसा. मी दोन रंगांतला फरक ठेवायलाही एकच बाइट दिला, तोही ऋण संख्या न मावणारा. 20 मधून 30 वजा केले तर यायला हवेत उणे 10. पण त्या बाइटला उणे माहीतच नाही. आकडा मागून फिरून 246 होतो. उणे 10 चा वर्ग 100, तर 246 चा वर्ग 60,516. जवळचा रंग एकदम कोसभर लांब गेला आणि मरून किनारीत निळे ठिपके उठले. प्रोग्राम बंद पडला नाही, तक्रार केली नाही. भावाच्या नजरेने पकडलं म्हणून, नाहीतर तो नमुना मागावर चढला असता.

पायथनमध्ये हे झालं नसतं, कारण तिथे पूर्णांक हवा तेवढा मोठा होतो, उणेही होतो. 64 बिटांच्या खणात मावणारी मोठ्यात मोठी संख्या आहे 92,23,37,20,36,85,47,75,807. एकपासून वीसपर्यंतच्या संख्यांचा गुणाकार तिच्यात बसतो. त्याला 21 ने गुणलं की बसत नाही. पायथन खण वाढवून घेतो. मशीन कोड आपलं वचन पाळतो आणि वरचा भाग टाकून देतो.

म्हणून जुनी, संथ स्क्रिप्ट मी फेकली नाही. नवा कोड बदलला की दहा-बारा नक्षींवर दोन्ही चालवतो आणि खणन् खण ताडून बघतो. संथ स्क्रिप्ट आता माझं माप आहे.

## पायथनमध्ये जेआयटी आला, मग हा खटाटोप कशाला?

जेआयटी म्हणजे प्रोग्राम चालत असताना लागेल तेवढ्याच भागाचं भाषांतर. दुकानातला माणूस सकाळपासून बघतो की आज सगळे तेलुगूच बोलताहेत, म्हणून पुढच्याशी थेट तेलुगूतच सुरुवात करतो. मात्र कान उघडे ठेवतो, आणि कोणी कन्नड बोललं की लगेच मूळ पद्धतीवर येतो. क्रोम ब्राउझरबरोबर 2008 मध्ये आलेल्या व्ही8 इंजिनाने जावास्क्रिप्टला याच मार्गाने पळवलं.

मार्ग उत्तम आहे, पण अंदाज पुन्हा पुन्हा चुकला तर भाषांतर फेकून द्यावं लागतं. आणि जेआयटी सगळीकडे चालतही नाही. आयफोनवर सामान्य अ‍ॅपला चालू असताना मशीन कोड बनवायची परवानगी नसते. पायथनचा जेआयटी तर 3.13 मध्ये मुळात बंद ठेवूनच दिला होता. तो मुद्दाम बांधून घ्यावा लागायचा. शिवाय ज्या कोडमध्ये प्रकार स्थिर असतात तोच जेआयटीलाही सोपा जातो. म्हणजे वर केलेली आवराआवर कुठेच वाया जात नाही.

## मुलांचे आणखी तीन प्रश्न

*"सर, मी स्क्रिप्टची एक्झी फाइल केली, तरी वेग वाढला नाही."* पायइन्स्टॉलरसारखी साधनं भाषांतर करत नाहीत. ती तुमची स्क्रिप्ट आणि पायथनचा इंटरप्रिटर एकाच पेटीत बांधतात. दुसऱ्या संगणकावर द्यायला सोय होते, एवढंच. आत तोच पोऱ्या बसलेला असतो.

*"मग सगळं सी मध्येच लिहू या की."* लिहिता येईल. पण भावाचा प्रोग्राम महिन्यातून दोनदा बदलतो: कधी नवं सूत, कधी नवा टॉवेल. स्क्रिप्टमध्ये हा बदल मी चहा थंड व्हायच्या आत करतो. चाळीस ओळींसाठी बाकीच्या तीन हजार ओळींची मोकळीक का सोडू?

*"आता एआयच भाषांतर करून देतो ना?"* देतो, आणि बरेचदा चांगलं देतो. पण फरक उणे होऊ शकतो का, यादी वाढणार आहे का, हे स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं नसेल तर तोही अंदाजच करणार. मी केलेली एका बाइटची चूक त्याच्याकडूनही होऊ शकते. खणन् खण ताडून बघणं सुटत नाही.

## मालकाचा नियम

एक काम शेवटपर्यंत अडून होतं. चादरीत एखादा धागा फार लांबपर्यंत सुटा राहिला तर तो अडकतो, ओढला जातो. किती खण सुटा चालेल हे सुताच्या जाडीवर आणि जागेवर अवलंबून: किनारीत वेगळं, पोटात वेगळं. हा नियम भाऊ स्वतः एका चौकटीत टाइप करतो आणि प्रोग्राम तो तिथल्या तिथे चालवतो. म्हणजे इव्हॅलच. फेसबुकला जे सोडून द्यावं लागलं, तेच माझ्या फेरीच्या मधोमध बसलं होतं.

नियम काढून घेऊन मीच आत पक्का लिहायचा, तर दर वेळी भावाने मला फोन करायचा. ते मला नको होतं. धाग्याचं त्याला कळतं, मला नाही. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कागदावर मांडलं तेव्हा दिसलं की नियमाला विचारण्यासारखे प्रश्नच मोजके आहेत. सुतं सहा, जागा दोन. उत्तरं फक्त बारा. आता भावाने नियम बदलला की स्क्रिप्ट तो बारा वेळा चालवते, बारा आकड्यांचा तक्ता करते आणि चित्राबरोबर आत पाठवते. आतला मशीन कोड नियम कधी बघतच नाही, फक्त तक्त्यातला आकडा उचलतो.

परवा त्याने एका सुतासाठी नियम बदलून पाहिला. सहाचे नऊ खण केले, पडद्यावरच्या मोराच्या पिसाऱ्यातल्या, ‘धागा फार लांब सुटा आहे’ असं दाखवणाऱ्या तांबड्या खुणा तिथल्या तिथे पुसल्या गेल्या, आणि त्याने नमुना पंचिंगला पाठवला.